गंधक फवारल्यावर पानं का करपतात, आणि भुरी का जात नाही

डिसेंबरात गंधकाच्या ज्या मात्रेने वाटाण्यावरची भुरी, म्हणजे पिठासारखी पांढरी बुरशी, आटोक्यात येते, त्याच मात्रेने मार्चमध्ये काकडीची पानं दोन दिवसांत कडेने वाळतात. उलट जानेवारीच्या कडाक्यात निफाडसारख्या द्राक्षाच्या भागात दोन-दोन वेळा फवारूनही घडावरची पांढरी बुरशी जागची हलत नाही. मग कोणी म्हणतं औषध जुनं निघालं, कोणी म्हणतं मात्रा कमी पडली, आणि पुढच्या वेळी पंपात आणखी एक मूठ जास्त पडते. दोन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं आणि ते पुडीत नसतं. ते हवेत, टाकीत आणि आधीच्या फवारणीत असतं.

गंधक वाफेवर काम करतं, एवढं पक्कं धरलं की बाकीचं बरंचसं आपोआप उलगडतं. पानावर बसलेल्या बारीक कणांमधून अगदी थोडी थोडी वाफ सुटत राहते. ती भुरीच्या धाग्यांत आणि बीजाणूंत शिरते आणि त्यांचं श्वसन बंद पाडते. हवा गार असेल तर वाफ निघत नाही आणि भुरी तशीच राहते. हवा तापली की वाफ गरजेपेक्षा जास्त सुटते आणि पानच भाजतं. पानावर तेलाचा थर असेल तर गंधक तेलात विरघळून थेट पानाच्या आत जातं. पेशीच्या एका ठिकाणी नव्हे तर अनेक ठिकाणी घाव बसत असल्यामुळे बुरशीला याच्या विरोधात प्रतिकारशक्ती तयार करता आलेली नाही. युरोपातल्या द्राक्षबागांत १८५० च्या दशकापासून भुरीवर गंधक धुरळत आले आहेत आणि ते आजही तितकंच चालतं. म्हणून ‘भुरीला गंधकाची सवय झाली’ हे कारण मनातून काढून टाका. कारण दुसरीकडे शोधावं लागेल.

आधी ती भुरीच आहे ना?

गंधक भुरीवर चालतं, लाल कोळीवरही बऱ्यापैकी चालतं. केवड्यावर, म्हणजे डाउनीवर, ते चालत नाही. फवारणी वाया जाण्याचं सगळ्यात साधं कारण हेच असतं.

भुरी पानाच्या वरच्या बाजूला पिठासारखी बसते आणि बोटाने पुसली की निघते. केवड्यात वरून पिवळा डाग दिसतो आणि त्याच डागाच्या बरोबर खाली पांढरट किंवा जांभळट करडी बुरशी असते. काकडीवर्गीय पिकांत केवड्याचे डाग शिरांमध्ये अडकल्यासारखे चौकोनी, कोनाकोनाचे दिसतात. मिरची आणि ढोबळी मिरचीत मात्र फसगत होते. तिथली भुरी पानाच्या आत वाढते, वर पिवळा चट्टा आणि खाली पांढरी पावडर असं ते रूप केवड्यासारखंच दिसतं. ही बुरशी एकदा आत शिरली की वरून बसलेलं गंधक तिच्यापर्यंत पोचत नाही. मिरचीत गंधकाचा उपयोग लागण होण्याआधी किंवा अगदी पहिल्या चट्ट्यालाच.

आणखी दोन फसवे पांढरे डाग आहेत. डांगर आणि काही भोपळ्यांच्या पानांवर शिरांच्या खोबणीत जन्मतःच चंदेरी ठिपके असतात. ते पुसले जात नाहीत आणि वाढतही नाहीत. दुसरे म्हणजे मागच्या फवारणीच्या गंधकाचेच वाळलेले थेंब. ते गोल, कडा स्पष्ट असलेले आणि कोरडे असतात. दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग खिशात ठेवा. जिवंत भुरी त्यातून उभ्या, पांढऱ्या, मण्यांच्या माळांसारखी दिसते. मेलेली भुरी करडी पडून पानाला चिकटून बसते. मेलेल्या भुरीचे डाग पाहून पुन्हा फवारणारे पुष्कळ आहेत. द्राक्षमण्यावर एकदा उमटलेली तपकिरी जाळी तर कोणत्याच औषधाने पुसली जात नाही, कारण ती जखमेची खूण आहे.

करपलंय कुठे, ते पाहा

पान करपलं की आधी डब्यावरचं नाव वाचू नका, प्लॉटमध्ये फिरा. करपण्याचा नकाशा कारण सांगतो.

फक्त शेंड्याकडची, उन्हात उघडी असलेली पानं करपली आहेत आणि सावलीतली हिरवीगार आहेत, तर कारण उष्णता. द्राक्षात मावळतीच्या बाजूचे मणी तपकिरी पडले आणि पानाआडचे चांगले राहिले, तरी तेच.

पानाच्या टोकाला, कडेला, फळाच्या खालच्या अंगाला, म्हणजे थेंब ओघळून जिथे साचतो तिथेच डाग असतील, तर मात्रा जास्त झाली किंवा टाकीत स्टिकर, म्हणजे थेंब पानावर पसरवून चिकटवणारं द्रव्य, जास्त पडलं. डाग तेलकट, ओलसर दिसून मग तपकिरी झाले आणि सावलीतलीही पानं सुटली नाहीत, तर गेल्या दोन-तीन आठवड्यांत कोणतं तेल मारलं होतं ते आठवा.

टाकीच्या सुरुवातीच्या सऱ्या ठीक आणि शेवटच्या दोन-चार सऱ्याच भाजलेल्या, तर गंधक तळाला बसलं होतं. सुरुवातीला पातळ पाणी गेलं आणि शेवटी गाळ. अशा प्लॉटमध्ये गंमत अशी दिसते की एका टोकाला भुरी तशीच आहे आणि दुसऱ्या टोकाला पानं करपली आहेत. बांधाकडच्या वळणावरचीच झाडं भाजली असतील, तर ब्लोअर वळवताना बंद केला नव्हता आणि तिथे दुहेरी मारा बसला.

गंधकाची करप साधारण एक ते तीन दिवसांत दिसते आणि तिथेच थांबते. रोग असेल तर वाढत जातो. खात्री नसेल तर दहा पानांवर मार्करने डागाभोवती गोल काढा आणि चार दिवसांनी पाहा. डाग रेघेच्या आतच राहिला तर तो भाजल्याचा, रेघ ओलांडून गेला तर रोगाचा.

तापमानाचं गणित

गंधकाला २० ते ३० अंश सेल्सिअस मानवतं. १८ च्या खाली काम मंदावतं. ३२ च्या वर धोका सुरू होतो आणि ३५ च्या वर कोणत्याच पिकावर मारू नये. काकडी, खरबूज, कलिंगड, दोडका अशा वेलवर्गीय पिकांसाठी रेघ ३० वरच ओढा.

इथे एक चूक फार जण करतात. फवारणीच्या वेळचं तापमान पाहतात आणि पुढच्या दुपारचं विसरतात. संध्याकाळी गारव्यात मारलं म्हणून गंधक दुसऱ्या दिवशी दुपारी पानावरून निघून जात नाही. ते आठवडाभर तिथेच असतं. म्हणून हवामानाच्या अंदाजात पुढच्या तीन दिवसांचं कमाल तापमान पाहा. त्यातला एक दिवस जरी मर्यादेच्या वर असला तरी फवारणी पुढे ढकला. अंदाजातला आकडा सावलीतल्या हवेचा असतो. थेट उन्हातलं पान त्याहून तापतं आणि मल्चिंगवरच्या वेलीची खालची पानं तर आणखीच.

द्राक्षात ऑक्टोबर छाटणीनंतर ही अडचण हमखास येते. ऑक्टोबर हीटमध्ये दुपार ३३-३४ अंशांवर जाते आणि वेलीवर तीन-चार पानांचा कोवळा फुटवा असतो. तेव्हा तसा भुरीचा जोरही कमी असतो, खरी भीती डाउनीची असते. म्हणून गंधक त्या वेळी घाईने वापरायची गरज नसते. ते थंडी स्थिरावली, दुपार ३० च्या आत आली की काढावं. खरड छाटणीनंतर एप्रिल-मेमध्ये तर ते कपाटातच राहू द्या. मग फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात ऊन चढायला लागतं आणि जानेवारीत लावलेलं कलिंगड-खरबूज नेमकं त्याच वेळी भुरीला बळी पडायला लागतं. या पिकात गंधक वापरायचंच असेल तर ते सुरुवातीच्या गार दिवसांत. नंतर दुसऱ्या गटाचं औषध घ्या.

पाण्याच्या ताणात असलेल्या पिकावरही मारू नका. ताणात पानाची ऊब वाढते आणि स्वतःला गार ठेवायची ताकद कमी होते. आदल्या दिवशी ठिबक चालवून घ्या. दमट, कोंदट हवेत थेंब वाळायला वेळ लागतो आणि भाजण्याचा धोका वाढतो, म्हणून आभाळ दाटलेल्या कोंदट दिवशीही थांबा. थंडीत दव उतरल्यावर सकाळी, आणि उबदार दिवसांत साडेचारनंतर, अंधार पडायच्या आत पान वाळेल अशा बेताने फवारा.

तेल: सगळ्यात महाग पडणारी चूक

निंबोळी तेल, करंज तेल, खनिज तेल, फिश ऑइल साबण यांपैकी काहीही फवारलं असेल तर गंधकात किमान १५ दिवसांचं अंतर ठेवा, उन्हाळ्यात २१ दिवसांचं. काही लेबलांवर महिन्याचंही अंतर दिलेलं असतं. तसं असेल तर तेच पाळा. क्रम उलटा असला तरी नियम तोच: आधी गंधक आणि नंतर तेल, तरीही तेवढंच अंतर.

ही चूक जाणूनबुजून कोणी करत नाही. ती अशी घडते: तुडतुडे-फुलकिड्यांसाठी दहा दिवसांपूर्वी कडुनिंबाचं औषध मारलेलं असतं. ‘ते तर जैविक, त्याचं काय’ असं म्हणून ते वहीत लिहिलेलंच नसतं. कडुनिंबाच्या औषधाची दहा हजार पीपीएमची बाटली हीसुद्धा तेलकट बाटलीच. घरच्या निंबोळी अर्कातही थोडं तेल असतं, म्हणून त्यालाही सूट देऊ नका. डब्यावर ‘ईसी’ अशी अक्षरं असलेली कीटकनाशकं तेलकट द्रावणात बनवलेली असतात. पाण्यात टाकली की दुधासारखी होतात आणि रॉकेलसारखा वास येतो. ती गंधकाच्या टाकीत एकत्र टाकू नका.

सिलिकॉनचं स्टिकर गंधकाबरोबर शक्यतो टाळा. दाणेदार गंधकात पसरण्यासाठी लागणारे घटक कंपनीने आधीच घातलेले असतात. द्राक्षाच्या गुळगुळीत मण्यावर किंवा वाटाण्याच्या मेणचट पानावर थेंब घरंगळत असेल तर साधं स्टिकर, लेबलवरच्या कमीत कमी मात्रेत, तेही गार हवेत. जीए (वाढीचं संप्रेरक), टॉनिक, १३:०:४५ किंवा कॅल्शियम नायट्रेटसारखी खतं यांची खिचडी या टाकीत नको. क्षाराचा भार वाढला की गंधकाने न भाजलेलं पानही भाजतं, आणि मग नेमकं कशाने भाजलं ते सांगता येत नाही. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं) मिश्रण आणि गंधक यांच्या फवारण्या वेगवेगळ्या दिवशी द्या.

‘पाण्यात विरघळणारं’ हा शब्दच फसवतो

शिफारशींच्या कागदांवर सर्रास ‘पाण्यात विरघळणारे गंधक ८० टक्के’ असं छापलेलं असतं. गंधक पाण्यात विरघळत नाही. ते पाण्यात तरंगत ठेवलेलं असतं, आणि ढवळणं थांबलं की तळाला जातं. मीठ टाकल्यासारखं टाकून मोकळं झालं की पुढची सगळी गडबड तिथूनच सुरू होते.

दुकानात ते तीन-चार रूपांत मिळतं. ८० टक्के डब्ल्यूपी म्हणजे बारीक भुकटी, ८० टक्के डब्ल्यूडीजी म्हणजे पाण्यात फुटणारे बारीक दाणे, एससी म्हणजे घट्ट द्रव, आणि धुरळायची भुकटी ती निराळी. घरच्या वापराला डब्ल्यूडीजी सगळ्यात बरं, कारण ओतताना धूळ उडत नाही. जमिनीत टाकायचं बेंटोनाइट गंधक, ज्याच्या मोठ्या टिकल्या ९० टक्के म्हणून विकतात, ते खत आहे. ते फुगतं, नोझल बुजवतं आणि पानावर पसरत नाही. ८० टक्के दाणेदार गंधकही खत म्हणून विकलं जातं. फवारायला बुरशीनाशक म्हणून नोंद असलेलं आणि आपल्या पिकाचं नाव लेबलवर असलेलंच घ्या. लाइम सल्फर हे तर वेगळंच, अतिशय अल्कधर्मी रसायन आहे. गंधकाच्या जागी ते हिरव्या पानावर कधीही मारू नका.

८० टक्के गंधकाची नेहमीची मात्रा लिटरला २ ग्रॅम. म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ३० ग्रॅम, २०० लिटरच्या टिपाडाला ४०० ग्रॅम, ६०० लिटरच्या ब्लोअरला १ किलो २०० ग्रॅम. आंब्याच्या मोहोरावर १० लिटरला २० ग्रॅम असं जे सांगतात ते हेच प्रमाण. लेबलवर आकडा वेगळा असेल तर लेबल खरं. झाकणाने, मुठीने, काडेपेटीने मोजू नका. दाणे आणि भुकटी एकाच मापात वेगवेगळ्या वजनाची बसतात. छोटा डिजिटल काटा या कामासाठी वेगळा ठेवा, तो स्वयंपाकघरात परत जायला नको. एससी द्रवात गंधकाचं प्रमाण वेगळं असतं, म्हणून ‘२ ग्रॅमऐवजी २ मिली’ असा हिशेब चालत नाही.

मिसळण्याचा क्रम असा ठेवा:

१. टिपाड अर्धं भरा आणि ढवळणं सुरू करा.

२. भुकटी असेल तर बादलीत थोड्याशा पाण्यात आधी पिठल्यासारखी कालवा, गुठळी राहू देऊ नका. मग तीन-चार लिटर पाणी घालून पातळ करा. दाणेदार असेल तर ढवळत्या पाण्यात हळूहळू सोडा आणि दाणे पूर्ण फुटेपर्यंत दोन-तीन मिनिटं थांबा.

३. बारीक जाळीतून किंवा सुती फडक्यातून गाळून टिपाडात घ्या.

४. उरलेलं पाणी भरा. दुसरं काही मिसळायचंच असेल तर ते गंधकानंतर. आधी लिटरभराच्या बाटलीत त्याच प्रमाणात मिसळून अर्धा तास ठेवून पाहा. दह्यासारख्या गुठळ्या झाल्या, बाटली गरम लागली किंवा हलवूनही गाळ वर उठला नाही, तर ती जोडी सोडून द्या.

५. फवारणी संपेपर्यंत ढवळत राहा आणि द्रावण त्याच दिवशी संपवा.

पाठीवरच्या बॅटरी पंपात ढवळायची सोय नसते. दर सरीच्या टोकाला पंप दोनदा हलवा. जेवायला थांबलात किंवा वीज गेली तर टिपाडाबरोबरच पाइपातही गाळ बसतो, हे लक्षात येत नाही. एचटीपी (जास्त दाबाच्या) पंपाचा शंभर मीटरचा पाइप म्हणजे कित्येक लिटर द्रावण असतं. पुन्हा सुरू करताना टिपाड दोन-तीन मिनिटं ढवळा, गन टिपाडात धरून पाइपातलं द्रावण परत सोडा आणि मगच सरीत शिरा. नोझल तुंबलं तर जुन्या टूथब्रशने साफ करा. तोंडाने कधीही फुंकू नका.

भुरी जात नाही, तेव्हा

हवा १८ अंशांच्या खाली असेल तर मात्रा वाढवून उपयोग नाही. वाफच सुटत नसेल तर दुप्पट गंधकही तसंच बसून राहील. शिवाय ते पानावर साठत जातं आणि फेब्रुवारीत पहिली गरम दुपार आली की जानेवारीची सगळी शिल्लक एकदम कामाला लागते. थंडीत भाजलेली बाग दिसत नाही, भाजलेला फेब्रुवारी दिसतो, त्याचं एक कारण हे आहे. अशा थंडीत दुसऱ्या गटाचं, पानात शिरणारं औषध घ्या आणि ऊब आली की पुन्हा गंधकावर या.

दुसरं कारण, औषध पोचलंच नाही. भुरीला दाट, सावलीचा, वारा न फिरणारा कोपरा आवडतो, आणि फवारा नेमका तिथेच जात नाही. डब्ल्यूडीजीचं लेबल द्राक्षाला हेक्टरी ७५० ते १००० लिटर पाणी सांगतं, म्हणजे एकरी ३०० ते ४०० लिटर. पूर्ण मांडवाला दीडशे लिटरमध्ये उरकलं तर घडाच्या आत काही गेलेलं नसतं. फवारून वाळल्यावर मांडवाच्या मधल्या भागातलं एक पान उलटून पाहा, घड हातात घेऊन देठाकडे पाहा. बारीक पांढरे ठिपके सगळीकडे सारखे दिसायला हवेत. दिसत नसतील तर औषध बदलण्याआधी फेल (बगलफुटी) काढा, विरळणी करा, घडाजवळची पानं कमी करा. गंधकाचं अर्धं काम कात्री करते.

तिसरं, उशीर. गंधक हे पहारेकरी आहे. पहिला पांढरा ठिपका दिसला तेव्हा मारलं तर थांबवतं. पानाचा निम्मा भाग पिठाळला असताना मारलं तर निभावत नाही. तिथे आधी हेक्झाकोनॅझोल, मायक्लोब्युटॅनिल यांसारखं लेबलवर त्या पिकाला मान्य असलेलं औषध एकदा, आणि पुढे राखण गंधकाची. नुसतं असं आंतरप्रवाही, म्हणजे पानात शिरणारं औषधच पुन्हा पुन्हा मारत राहिलात तर बुरशी त्याला मात्र सरावते.

चौथं, अंतर. गंधक पानात मुरत नाही, म्हणून नवीन निघालेलं पान उघडंच असतं. काकडीसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या वेलीत सात दिवस आणि बाकी ठिकाणी दहा दिवस हा धरबंध ठेवा. चांगली पावसाची सर आली तर ते धुऊन जातं, दिवस मोजत बसू नका.

ट्रायकोडर्मा, अँपेलोमायसेस, व्हर्टिसिलियम यांसारख्या मित्रबुरशा फवारत असाल तर त्याही बुरशाच आहेत. गंधकाच्या जवळपास त्या मारल्या तर पैसे वाया. परभक्षी कोळ्यांनाही गंधक मारतं. ते वारंवार वापरल्यानंतर लाल कोळी एकदम उसळले तर हेही एक कारण तपासा.

पिकापिकांत फरक

वाटाणा, बोर, आंबा, भेंडी ही गंधक बऱ्यापैकी सोसणारी. आंब्यात पूर्ण फुललेल्या मोहोरावर दिवसा फवारणी टाळा. प्रश्न विषाचा कमी आणि ओल्या फुलांवर परागीकरण करणाऱ्या माश्या न येण्याचा जास्त आहे. वेलवर्गीय पिकं नाजूक आणि त्यातही खरबूज सगळ्यात हळवं. वाणावाणांतही फरक पडतो. म्हणून नवीन वाणावर आधी दहा वेलींवर, लिटरला १ ते दीड ग्रॅम इतक्याच मात्रेत मारा आणि तीन दिवस थांबा. कडा वाळल्या नाहीत तरच बाकी प्लॉट.

खाण्याच्या द्राक्षात मणी भरल्यानंतर गंधक नको. पांढरे ठिपके मण्यावर राहतात आणि लव, म्हणजे मण्यावरचा मेणचट पांढुरका थर, पुसली जाते. वाइनच्या द्राक्षात काढणीच्या किमान पाच आठवडे आधी ते थांबवा. मण्यावर उरलेल्या गंधकाचं आंबवताना हायड्रोजन सल्फाइड होतं आणि वाइनला सडक्या अंड्याचा वास लागतो.

पॉलिहाऊसमध्ये दोन गोष्टी. गंधकाने प्लास्टिक कागदाचं आयुष्य घटतं, म्हणून फवारा कागदावर उडू देऊ नका. आणि आत गंधक जाळू नका. बेदाण्याला जी धुरी देतात ती जळत्या गंधकाची, म्हणजे सल्फर डायऑक्साइडची. बंद शेडमध्ये तीच धुरी हिरवं पान काही तासांत पांढरं करते आणि माणसाचा श्वास कोंडते.

करपल्यानंतर

फवारून काही तासच झाले असतील आणि तेल किंवा दुप्पट मात्रा गेल्याचं लक्षात आलं, तर संध्याकाळी साध्या पाण्याची भरपूर फवारणी देऊन जेवढं धुतलं जाईल तेवढं धुवा. दोन दिवसांनी धुऊन फारसं काही साधत नाही. पाणी नियमित द्या. वाळलेली पानं लगेच खुडू नका. फळावर त्यांचीच सावली असते, ती गेली की फळ उन्हाने भाजतं. ‘झाड सावरावं’ म्हणून टॉनिक आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांची फवारणी लगेच देण्याचा मोह होतो, तो आवरा. नवी दोन-तीन पानं निरोगी निघेपर्यंत पानावर काहीच नको.

अंगाची आणि घराची काळजी

गंधक पोटात गेल्यावर फार विषारी नाही, म्हणून लोक ते उघड्या हाताने कालवतात. त्रास डोळ्यांना, त्वचेला आणि छातीला होतो. घामात मिसळलं की मानेला, काखेत, मांडीच्या सांध्यात आग होते, डोळे रात्रभर चुरचुरतात. बाजूने बंद असलेला गॉगल, नायट्रिलचे हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि कण गाळणारा एन-९५ प्रकारचा मास्क वापरा. तोंडाला बांधलेला रुमाल घामाने भिजला की गंधक नाकाशीच धरून ठेवतो. दम्याच्या माणसाला हे काम देऊ नका. डोळ्यात गेलं तर बाहीने चोळू नका, स्वच्छ पाण्याने पापणी उघडी धरून पंधरा मिनिटं धुवा आणि जळजळ राहिली तर डबा बरोबर घेऊन डॉक्टरकडे जा. ओले कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवा. फवारलेल्या प्लॉटमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत कोणाला कामाला पाठवू नका.

विरळणीचा पाला शेळ्या-मेंढ्यांना घालायची पद्धत आहे. गंधकाने पांढरा झालेला पाला आणि बांधावरचं तसंच गवत त्यांना घालू नका. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात जास्त गंधक गेलं की त्याचा विषारी वायू होतो आणि मेंदूवर परिणाम होतो.

आता गोदामाकडे पाहा. द्राक्षवाल्यांच्या खोलीत गंधकाच्या पोत्याशेजारी बहुतेक वेळा १३:०:४५ ची पोती रचलेली असतात. १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, जुन्या भाषेत सोरा. गंधक, सोरा आणि कोळसा मिळून बंदुकीची दारू होते. फुटलेल्या पोत्यांतली भुकटी जमिनीवर एकत्र झाडली जाते, आणि बाजूला बिडी किंवा वेल्डिंगची ठिणगी पुरेशी असते. दोन्ही वेगळ्या खोल्यांत ठेवा. ते जमत नसेल तर दोन टोकांना, लाकडी फळीवर, तोंड बांधून ठेवा, आणि सांडलेलं दोन वेगळ्या केरसुण्यांनी, दोन वेगळ्या सुपल्यांत भरा. गंधकाची धूळ हवेत उडत असताना तिथे ग्राइंडर, वेल्डिंग, काडी काहीच नको. नुसती धूळसुद्धा ठिणगीने पेटते.

फवारणीच्या वहीत पुढच्या वेळी एवढं लिहून ठेवा: तारीख, त्या दिवसाचं आणि पुढच्या तीन दिवसांचं कमाल तापमान, लिटरला किती ग्रॅम, एकरी किती पाणी, आणि मागची तेलकट फवारणी कोणत्या तारखेला झाली. कडुनिंबाची बाटलीही त्यात धरा.